म्हशीला सांगितलेली गाठ

सासूशी मी तीन वरसं बोलत नव्हते. कारन ऐकलंत तर तुमीबी बोलला नसता. माझी आई गेल्याचा निरोप तळवड्याहून सकाळीच आला, अन् ह्या गोजाबाईनं तो दिवस मावळंस्तवर पोटात ठेवला. का, तर जोंधळ्याची काढनी चालू व्हती! मी पोचले तवा आईला जाळून मानसं घरी परतली व्हती. शेवटचं तोंडसुदिक दिसलं न्हाई. त्या दिवसापास्नं अबोला.

घर चिंचवडच्या गावठानात, चूल एक अन् दोघी तिच्यापुढं. बोलायचं ते म्हशीला सांगून. सासू म्हनायची, "म्हसाबाई, आमटीत मीठ काय हिच्या बापानं येऊन घालायचं?" मी म्हनायची, "म्हशे, कुनाच्या जिभेलाच चव न्हाई, त्याला मी काय करू?" नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात. शिफ्ट संपली तरी घराकडं यायला मागंपुढं करायचा.

दिवाळी आली. आमच्यात सासूला तेल सुनेनंच लावायचं. अबोला तोंडाचा, तेलाचा न्हाई. पाटावर बसली, मी पाठ चोळली, खांदा चोळला, अन् डाव्या छातीवर, काखेच्या बाजूला, बोटाखाली काहीतरी आलं. चिंचोक्याएवढं.

दवाखान्यातल्या नर्स कुसुमताईंनी त्याच महिन्यात आमा बायांना छातीतली गाठ कशी चाचपायची ते दाखवलं व्हतं. "चिमटीत धरू नका, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. तीन बोटं सपाट ठेवा, गोल फिरवत काखेपर्यंत जा. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. कडक असेल, जागची हलत नसेल, तर लगेच पुण्याला." आमी बाया पदर तोंडात कोंबून हसलो व्हतो.

मी तीन बोटं सपाट केली. फिरवली. गाठ कडक व्हती अन् हलंना. सासूनं अंग चोरलं न्हाई, विचारलंबी न्हाई.

दुपारी वैरन टाकताना म्हशीला म्हनाले, चांगलं मोठ्यांदा, "म्हशे, एखादीच्या छातीत गाठ हाय. पुन्याला दावली पायजे." सासू ओसरीवर तांदूळ निवडत व्हती. मान वर केली न्हाई. कानात बोळे घातलेत का म्हातारीनं? मरू दे तिकडं! नवऱ्याला सांगावं, तर त्याच्या आईच्या छातीचं कुठल्या तोंडानं सांगू? अन् खरं सांगू का, मनात आलं व्हतं, भोग म्हनावं आता.

संक्रांतीला परत म्हशीला सांगितलं. म्हशीनं शेपूट हलवली, सासू हलली न्हाई.

शिमग्याला चोळी घालताना तिचा डावा हात वर जाईना. खुंटीला धरून उभी ऱ्हायली, ओठ दाबून.

"आत्याबाई," मी म्हनाले. तीन वरसांनी. "उद्या पुन्याला चला. गाठ हाय तुमाला."

"दिवाळीपास्नं ठावं हाय."

"मग मुकाट का बसलात?" मी वरडलेच.

"तू म्हशीला सांगत व्हतीस. मला कुठं सांगितलंस?"

"अन् माझी आई गेल्याचं तुमी मला येळंवर कुठं सांगितलंत?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "म्या एक दीस दाबला, मंजुळे," ती म्हनाली. "तू चार महिने दाबलंस."

सकाळच्या गाडीनं पुन्याला गेलो, समोरासमोर बसून, दोघी खिडकीबाहेर बघत.

डॉक्टरीनबाईनं तशीच तीन बोटं फिरवली. काखेत गेल्यावर बोटं थांबली, तिथं आनखी दोन गाठी व्हत्या. बाईनं हात धुतले, मग माझ्याकडं वळली. "कधी लागली ही हाताला?"

"दिवाळीत," मी म्हनाले.

"दिवाळीत! मग इतके दिवस आणलं का नाहीत यांना? तेव्हा काढता आली असती हो."

सासू चोळीची गाठ मारत व्हती, एका हातानं, जमत नव्हतं. मी बांधून द्यायला पुढं झाले तर तिनं माझा हात झटकला.

"आमच्यात बोलनं नव्हतं, बाई," ती डॉक्टरनीला म्हनाली.