चिनी हॉटेलात नेलेली खीर

सत्यशीला चंद्रपूरकडच्या मूल गावी नर्स होती आणि गावात तिला सगळे ओळखत, या गोष्टीचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. ओळखत म्हणजे काय, तर सुई टोचायला बोलवत. बारशाला बोलावलं तरी बाळाचा ताप बघायला, आणि लग्नाच्या मांडवात पाय ठेवावा तर नवरदेवाची आजी मनगट पुढे करून बसे. बसा, वाढते, पोटभर जेवा, असं म्हणणारं घर मात्र एकही नव्हतं. वय चाळिशीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, आई जाऊनही आता काही वर्षं झालेली. भाऊ तिकडं गडचिरोलीकडं, कुरखेड्याला. चंद्रपूर जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा ती शेजारणीला म्हणाली होती, "भाऊ दूर होताच, आता सरकारनं बी त्याच्यावर शिक्का मारला." शेजारीण हसली नाही.

या शेजारणीचं आणि सत्यशीलाचं भांडण कधीच झालं नाही, आणि तेच वाईट होतं. भांडण झालं असतं तर बोलणं तरी झालं असतं. सत्यशीला सणासुदीला वाटीभर काही घेऊन गेली की शेजारीण गोड हसून वाटी घेई, ओट्याच्या कडेला ठेवी आणि म्हणे, "आज उपास आहे हो, मग खाऊ." नंतर ती वाटी गायीपुढे रिकामी होताना सत्यशीलानं खिडकीतून पाहिली होती. तिला नवल वाटलं नाही. "ठेव तिथं, मग खाऊ," हे शब्द तिनं लहानपणी आईच्या मागं उभं राहून किती दारांत ऐकले होते. धम्म घेतला, शिकलो, नोकरीला लागलो, अंगावर पांढरा गणवेश आला. "मग खाऊ" तेवढं जिथल्या तिथं राहिलं.

विहारातली माणसं आपली होती, पण तिथल्या बायकांचा एक ठरलेला प्रश्न होता. एकटीच का राहतेस? दर खेपेला नवी बाई, नवा सुस्कारा. सत्यशीला उत्तर देऊन देऊन कंटाळली आणि मागच्या सतरंजीवर बसून लवकर उठून येऊ लागली.

अशात चंद्रपूरला चिनी माणसाचं हॉटेल निघालं. नावापुरतं चिनी नव्हे. नवरा-बायको दोघं खरेखुरे चिनी, कलकत्त्याहून आलेले. कोळशाच्या खाणीतले साहेब जीपगाड्या भरून तिथं जेवायला येत. बाकी गाव बाहेरून पाटी वाचून पुढे जाई आणि आत बेडूक शिजतात की साप, यावर पैजा लावी. मूलचा कय्यूम तिथं वाढप्या होता. चार पोरांचा बाप, बोलायला मोकळा. एकदा तो दवाखान्यात आला तेव्हा सत्यशीलाला म्हणाला, "बाई, एक डाव येऊनच पाहा. अशी मच्छी तुमी जिंदगीत खाल्ली नसंल."

सत्यशीला मच्छीसाठी गेली नाही. तिनं मनात सरळ हिशोब मांडला होता: चीन म्हणजे बुद्धाचा देश. म्हणजे ही आपली माणसं. आणि ती मूलची नव्हेत, कुरखेड्याची नव्हेत, त्यांना आपल्या आडनावावरून काही कळणार नाही. एका रविवारी ती एसटीनं चंद्रपूरला गेली.

दुपार टळली होती, गिऱ्हाईक पांगलं होतं. गल्ल्याजवळ एक सोनेरी, ढेरपोटी, हसरी मूर्ती होती आणि तिच्यापुढे उदबत्ती. सत्यशीलानं हात जोडले आणि म्हणाली, "नमो बुद्धाय." गल्ल्यामागं बसलेल्या चिनी बाईनं लगेच उठून हात जोडले. आता दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं हात जोडल्यावर कुठलाही दुकानदार हात जोडणारच. पण सत्यशीलाचे जोडलेले हात बराच वेळ तसेच राहिले.

तिनं नूडल्स मागवल्या. दोन काड्यांनी त्या उचलायचा प्रयत्न केला, पदरावर सांडल्या आणि मग चमचा मागितला. मागच्या बाजूला एका लहान टेबलावर मालक-मालकीण स्वतःचं जेवण घेऊन बसले होते. चिनी बाईनं थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं आणि हाक मारली, "इधर आओ. अकेला क्यों खाता?"

टेबलावर अख्खा मासा होता, वाफेवर शिजवलेला. वर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात आणि पातळसा काळा रस. तेलाची तर्री नाही, तिखट नाही. सत्यशीलाला आधी तो मासा आजाऱ्यासाठी केलाय असंच वाटलं. चिनी बाईनं आपल्या काड्यांनी माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा अलगद सोडवला आणि सत्यशीलाच्या भातावर ठेवला. त्याच काड्या क्षणापूर्वी तिच्या तोंडात होत्या. लगेच त्याच काड्यांनी ती पुन्हा जेवू लागली. नवऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही. आपल्याकडं उष्टं म्हणतात ते हेच, आणि ते परक्या बाईच्या ताटात इतक्या सहज पडलं होतं. सत्यशीला तो तुकडा बराच वेळ चघळत राहिली.

मग महिन्याकाठी एक रविवार ती जाऊ लागली. बोलणं जास्त नसे. दोघींची हिंदी तुटकी, एकीची बंगालीकडं झुकणारी, दुसरीची मराठीकडं. सत्यशीला तिला ताई म्हणे, ती हिला नर्स म्हणे. पण मागच्या टेबलावर हिच्यासाठी वाटी मांडली जाई आणि माशाच्या पोटाकडचा तुकडा ठरल्यासारखा हिच्या भातावर येई. मूलला परतताना एसटीत ती खिडकीशी बसून स्वतःशीच हसत असे.

वैशाख पौर्णिमा आली. बायकांनी विहारात बोलावलं तेव्हा सत्यशीला जरा तोऱ्यातच म्हणाली, "मी नाई ना येत. आमच्या लोकाईकडं चंद्रपूरले जाऊन राह्यली मी." पहाटे उठून तिनं चिन्नोर तांदळाची खीर केली. दूध आटवलं, वेलची कुटून घातली, पांढरी साडी नेसली आणि डबा मांडीवर धरून मे महिन्याच्या त्या भट्टीतून चंद्रपूर गाठलं. आईनंतर तिच्या हातचं समोर बसून कुणी खाल्लं नव्हतं. आज तिला तेवढंच पाहायचं होतं: ताई आपल्यासमोर बसून आपली खीर खातेय. दुसरं काहीही नको होतं.

चिनी बाईनं डबा दोन्ही हातांनी घेतला. झाकण उघडलं, वाकून वास घेतला.

"दूध?" तिनं विचारलं.

"दूध, चावल, शक्कर. आज बुद्ध पौर्णिमा हाय ना, ताई."

बाईनं झाकण लावलं. डबा मागच्या फळीवर, सॉसच्या बाटल्यांजवळ ठेवला आणि हसून म्हणाली, "बाद में खाएगा. तुम बैठो, सूप पियो."

सत्यशीलाच्या कानशिलात कुणी हाणली असती तरी इतकं लागलं नसतं. भाषा हिंदी, बाई चिनी, पण वाक्य तेच, हसू तेच आणि कडेला ठेवलेला डबाही तोच. तिनं सूप प्यायलं. ते कसं होतं हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेवढ्यात एक जीप भरून माणसं आली, चिनी बाई गल्ल्याकडं धावली, आणि सत्यशीला डबा तिथंच टाकून निघून आली.

तरीही मनात एक खुळी आशा होती. खाल्ली असेल, नंतर का होईना. तीन-चार दिवसांनी दवाखान्याच्या फाटकावरच्या रामाजीनं तिला डबा आणून दिला. "कय्यूम देऊन गेला, बाई. बसची घाई होती त्याले." सत्यशीलानं झाकण उघडलं. डबा घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. भरलेलं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी टाकावी, एवढी रीत तिच्या गावातल्या उपाशी घरांनीही पाळली होती. निरोप नाही, काही नाही. झालं, ती मनाशी म्हणाली, इथंही गाय सापडली असेल.

तिनं जाणं बंद केलं. कामासाठी चंद्रपूरला जावं लागलं तर छत्री हॉटेलाच्या बाजूला धरून पलीकडच्या कडेनं चाले. राग होताच, पण रागापेक्षा लाज मोठी होती. या वयात लहान पोरीसारखं आपण कुणाला तरी आपलं मानलं, याची लाज. रविवार आता फार लांबायला लागले. कपडे धुऊन, क्वार्टर झाडून, डाळ-भात खाऊन झालं तरी दुपार संपत नसे.

थंडी पडल्यावर एका सकाळी कय्यूम दवाखान्यात आला. उजवा हात उकळत्या तेलानं भाजला होता. मूलच्या बाजारात त्यानं भज्यांची गाडी टाकली होती. सत्यशीलानं मलम लावलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

"हॉटेल काऊन सोडलं?" तिनं सुकं विचारलं.

"हॉटेलच राह्यलं नाई, बाई. दिवाळी झाली अन् मालक-मॅडमनं सामान बांधलं. पोरगा बाहेरदेशी राह्यते त्यायचा, त्याच्यापाशी गेले."

"बरं झालं," सत्यशीला म्हणाली.

कय्यूमला त्यातली धार कळली नाही. "मॅडम तुमची लय वाट पाहे. इतवार आला का मले विचारे, नर्स काऊन नाई आली? मी म्हणो, ड्युटी असंल. तुमच्यापायी तं बीमार बी पडली होती ते." तो हसला.

"माह्यापायी?"

"तुमची खीर ना. तिले दूध सोसतच नाई, बाई. चहा बी काळाच पिये. लहानपणापासून दुधाचा थेंब नाई तोंडात. पण त्या दिवशी गिऱ्हाईक संपल्यावर मागच्या टेबलावर बसली अन् तुमचा डबा उघडून खात बसली. मालक चिडला ना तिच्यावर. म्हणे, काऊन मरतं? तं मॅडम त्याले म्हणे, इतने दिन में इस गाँव से कोई घर का बना के लाया? ये लाया. मग काय, रात्रीपासून ढाळ. डॉक्टर बोलावला, सलाईन लावली. डबा मालकानं धुतला, मी मूलले येऊन राह्यलो होतो तं माह्या हाती देल्ला."

सत्यशीलाचे हात आपोआप चालत राहिले. पट्टीचा आणखी एक वेढा देत तिनं विचारलं, "ते बौद्ध होते ना?"

"नाई ना. किरिस्ताव. इतवारी सकाळी चर्चात जात. ते मूर्ती तं बरकतीची, गल्ल्याजवळ ठेवत."

म्हणजे पौर्णिमा तिची नव्हती, दूध तिचं नव्हतं, आणि कुणी पाहायलाही समोर नव्हतं. तरी ती बसली आणि जेवली. सत्यशीलाला जे एकदा पाहायचं होतं ते त्याच दिवशी घडलं होतं, ती एसटीत बसून डोळे पुसत होती त्याच सुमारास. आणि मग कितीतरी रविवार एक वाटी मागच्या टेबलावर तिची वाट पाहत राहिली होती.

"पत्ता हाय का त्यायचा?"

"नाई, बाई."

"नाव काय तिचं?"

कय्यूमनं आठवून पाहिलं. "आमी मॅडमच म्हणत होतो. सारेच मॅडम म्हणत. तुमाले बी नाई मालूम?"

"मी तं ताईच म्हणो," सत्यशीला म्हणाली.

"बाई, पट्टी घट्ट होऊन राह्यली," कय्यूम हळूच म्हणाला.

तिनं पट्टी उलगडली आणि पुन्हा सैल गुंडाळली. टोकाला गाठ मारली. कय्यूम उठून दारापर्यंत गेला तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"सगळी खाल्ली का रे?"

"सगळी, बाई. मालक म्हणे, अर्धी ठेव. तिनं आयकलंच नाई."

बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते. सत्यशीलानं पुढच्याला हातानंच आत यायची खूण केली.