मिश्री धुतानाचा फोटो

आमच्या कंपनीचं नाव 'द्राक्षमळा रेशीम उद्योग'. द्राक्षाचा एक मणीही आमच्याकडे नाही, सगळी तुती. पण नाव पवित्र शास्त्रातलं आहे, आणि ते आमच्या मिशनच्या प्रमुखांनी, आल्फ्रेड ब्रदरनी, संभाजीनगरच्या ऑफिसात बसून ठरवलं, तेव्हा त्यात तुती शोधायला जाऊ नये. धंदा मात्र खरा होता. मिशन लहान शेतकऱ्याला रेशमाच्या अळ्या पुरवायचं, शेड उभी करायला मदत करायचं, कोष तयार झाले की जालन्याच्या बाजारात नेऊन विकून द्यायचं. नफ्यातला दशांश देवाच्या कामाला. कोणाला धर्म विचारायचा नाही, कोणाला चर्चमध्ये बोलवायचं नाही, हा नियम पहिल्याच कागदावर छापलेला होता. मी शांतवन निर्मळ, मंठा तालुक्याचा सुपरवायझर. चौदा गावं आणि एक मोटारसायकल. तो नियम मी गावोगाव मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवायचो.

आज तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मालनबाई साळवे आमच्याकडे आल्या त्या मुलीला घेऊनच. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एक एकर जमीन, आणि साक्षी बारावीला. साक्षीला नर्स व्हायचं होतं. अळ्यांचे आजार, औषधाचं प्रमाण, शेडमधली हवा, असे इतके प्रश्न तिने मला विचारले की शेवटी मी माहितीचं पुस्तकच तिच्या हातात दिलं आणि सुटलो. घर बौद्ध. मालनबाईंच्या सासऱ्याने दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गोधडीत बांधून पूर्णेला सोडून दिले होते. पौर्णिमेला विहारात वंदना सांगायचा मान मालनबाईंचा, कारण आवाज खणखणीत आणि सगळं तोंडपाठ. वाईट खोड एकच, मिश्री. सकाळ-संध्याकाळ दात काळे केल्याशिवाय बाईला चैन पडायचं नाही.

आता मिश्री आणि रेशमाची अळी यांचं हाडवैर आहे. तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी अळ्या मरतात. म्हणून शेडच्या दाराशी ब्लीचिंगच्या पाण्याचा टब, शेजारी साध्या पाण्याची बादली, आणि हातपाय धुतल्याशिवाय आत कोणी जायचं नाही, मग तो साहेब असो की शेतकरी. यात मी माझी एक भर घातली होती. अळ्यांच्या पहिल्या बॅचला शेतकऱ्याचे पाय मी स्वतः धुवायचो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, मग मला कसला आलाय कमीपणा? लोक ओशाळायचे, राहू द्या सर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला स्वतःचंच फार कौतुक वाटायचं.

मालनबाईंची पहिली बॅच फेब्रुवारीत आली. नेमके त्याच दिवशी आल्फ्रेड ब्रदर दोन परदेशी पाहुणे घेऊन हजर झाले. नवरा-बायको, दोघांच्याही गळ्यात कॅमेरे. मी मालनबाईंचे पाय धुतले, हात धुतले आणि वर बघतो तर दातांवर ताजी मिश्री.

"मावशी, तोंड! आधी तोंड धुवा!" मी ओरडलो.

"अगं बाई, इसरलेच की!" म्हणत त्या डोक्यावरचा पदर सावरून वाकल्या आणि ओंजळ पुढे केली. मी बादलीतलं पाणी मगाने ओतायला लागलो. पाहुण्यांपुढे मला घाई झालेली, त्यामुळे पाणी ओंजळीत कमी आणि डोक्यावर जास्त. पदर भिजला, त्या हसल्या, साक्षीही हसली. मग नेहमीसारखी मी दोन ओळींची प्रार्थना केली, की देवा, या अळ्या सांभाळ आणि या घराला बरकत दे. मालनबाईंनी हात जोडले. पाहुणे सारखे फोटो काढत होते.

महिन्याभराने ब्रदरनी फोनवर प्रार्थनापत्राचा मसुदा पाठवला. परदेशातून मदत करणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी असं पत्र जातं. पहिल्याच पानावर फोटो होता. वाकलेली बाई, भिजलेला पदर आणि तिच्या डोक्यावर पाणी ओतणारा मी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की रेशमाच्या कामातून मालनला तिचा तारणारा भेटला, ती धुतली गेली आणि नवी झाली. बाप्तिस्मा हा शब्द कुठेच नव्हता. त्याची गरजही नव्हती. पुढच्या पानावर आणखी दहा शेडसाठी मदतीचं आवाहन होतं, आणि त्या दहा शेडवर माझी नोकरी टिकून होती. ब्रदरनी विचारलं होतं, ठीक आहे ना? मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

एवढंच केलं मी. दोन सेकंदही लागले नसतील.

सप्टेंबरात साक्षीचा सरकारी नर्सिंग कॉलेजात नंबर लागला, राखीव जागेतून. मालनबाईंनी गल्लीत बुंदी वाटली, मलाही डबा भरून दिला. अट एकच होती. जात पडताळणीचा दाखला एकतीस ऑक्टोबरच्या आत कॉलेजात जमा करायचा. अर्ज आधीच गेलेला, अडचण काही नव्हती. पण मालनबाईंच्या चुलत दिराशी, भारतशी, त्यांची बांधावरून जुनी धुसफूस होती. कंपनीच्या फेसबुकवर त्याला ते पत्र सापडलं. त्याने फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि एक प्रत तक्रारीला जोडून पडताळणीच्या ऑफिसात दिली. या बाईने घरादारासह ख्रिस्ती धर्म घेतला आहे, सबब मुलीला दाखला देऊ नये.

हा कायदा मला कोणी शिकवायला नको. बौद्ध झालं तर सवलत राहते, ख्रिस्ती झालं तर जाते. माझ्या आजोबांनी येशूला मानलं आणि माझ्या बापाची मास्तरकी गेली, पुढे माझी इंजिनिअरिंगची जागाही. आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नसायचा. म्हणजे अंगठा पाठवताना मला सगळं ठाऊक होतं. मला काय माहीत, हे रडगाणं निदान मी तरी गाऊ शकत नाही.

मालनबाई साक्षीला घेऊन मंठ्याला माझ्या खोलीवर आल्या.

"सर, विहारात मला वंदना सांगू देऊन न्हाई राह्यले. म्हणतेत, तू बाटली. ते जाऊ द्या, त्यांच्याशी मी भांडन. पोरीचं बघा. ऑफिसातले साहेब म्हणले, त्या दिवशी काय झाल्तं ते कंपनीकडून लिहून आणा. मालननं मिश्री धुतली, एवढंच लिहा. बस."

"देतो की मावशी. आजच ब्रदरशी बोलतो."

"बराबर लिहा. जास्तीचं एक अक्षर नको."

त्याच रात्री मी ब्रदरना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "शांतवन, विचार कर. ती ख्रिस्ती झाली नाही असं लिहिलं, तर आपण मदत करणाऱ्यांना फसवलं असं होतं. झाली असं लिहिलं, तर धर्मांतराची केस. हल्लीचे दिवस बघतोस ना? उद्या आपण बंद पडलो तर चौदा गावांनी कुठं जायचं? लेखी काही द्यायचं नाही. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

"मी माझ्या नावाने देतो, ब्रदर."

"मग आपला संबंध संपला असं समज."

चौदा गावं, चौदा गावं, असं मी दिवसातून दहादा स्वतःला बजावू लागलो. सबबीला वजन होतं. बायको-पोरांची आठवण काढावीच लागली नाही. मालनबाईंना सांगितलं, ऑफिसातून लेटर येणार आहे. पुढच्या आठवड्यात सांगितलं, सही राहिली आहे. त्यानंतर सांगितलं, ब्रदर बाहेरगावी आहेत. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "बरं सर." एकदा तरी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या मध्यावर पडताळणीचे साहेब चौकशीला गावात आले. मालनबाईंचा जबाब कसा झाला ते साक्षीने मला नंतर सांगितलं. पाणी ओतलं का? ओतलं. प्रार्थना झाली का? झाली. तुम्ही हात जोडले का? जोडले. कशाला जोडले? तर बाई म्हणाल्या, "कोणी आपलं भलं चिंतून राह्यलं तर हात न्हाई जोडायचे? माझ्या बापानं मला असंच शिकवलं." साहेबांनी सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. बाई घराबाहेर पडायच्या आत भारतने ग्रुपवर टाकलं की तिने स्वतःच कबुली दिली.

एकतीस तारीख आली आणि गेली. दाखला नामंजूर झाला नाही आणि मिळालाही नाही, फाईल नुसती पडून राहिली. कॉलेजने साक्षीची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली. त्यात कॉलेजची काहीच चूक नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी लिहायला बसलो. इतके दिवस जमलं नाही ते त्याच दिवशी कसं जमलं? आता लिहून कोणाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून. साध्या कागदावर दीड पान लिहिलं. मिश्री, बादली, मग, भिजलेला पदर, माझी घाई, सगळं अगदी नीट. खाली पूर्ण नाव घालून सही केली. इतकं खरं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. कागद खिशात घालून दुपारी त्यांच्या घरी गेलो.

साक्षी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून नुकतीच आली होती. बोटं सालपटलेली. तिने हात पुसले, कागद घेतला, उभ्याने दोनदा वाचला. मालनबाईंनी मला पाणी दिलं आणि तिच्याकडे बघत बसल्या.

"सगळं बराबर हाय," साक्षी म्हणाली. कागद तिने होता तसा घडी केला. "आता हे कुठं लावू, सर?"

मी म्हणालो, "अपील करता येईल. पुढच्या वर्षी..."

"जागा तर गेली. पुढच्या वर्षी भारतकाका पुन्हा तक्रार देईन, तवा तुम्ही पुन्हा तारीख गेल्यावर लिहून आणा."

"साक्षे!" मालनबाई कडाडल्या. "सरांशी असं बोलायचं न्हाई. आपल्या घरी आले ते, लिहून घेऊन आले. कोण येतं?" मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाल्या, "तिचं मनावर घेऊ नका सर. ती त्या फोनवरून चिडून राह्यली. जबाबाच्या दिवशी साहेबांनी माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला व्हता. म्हणले, तुमच्या सरांनी तोंडी एक शब्द म्हणला तरी मी फाईल जल्दी पुढं काढतो. तीन बार लावला. तुम्ही उचलला न्हाई. भारत दारात उभा राहून हसून राह्यल्ता. मी त्याला म्हणले, हसू नको, आमचे सर शेडात असतील. शेडात असले की ते फोनला हात लावत न्हाईत, अळ्या मरतेत."

साक्षी माझ्याकडे बघत होती.

"शेडातच व्हते ना, सर?" मालनबाईंनी विचारलं.

त्या दिवशी मी मंठ्याच्या स्टँडवर टपरीत चहा पीत बसलो होतो. नंबर कोणाचा ते मला माहीत होतं, मालनबाईंनीच सकाळी कळवला होता, साहेबांचा फोन येईल, तेवढा घ्या म्हणून. तिन्ही वेळा तो वाजून वाजून थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो होतो. चहावाल्याने विचारलंही, साहेब, उचलत का नाही?

"हो," मी म्हणालो. "शेडातच होतो."

मालनबाई लेकीकडे वळल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "मी म्हणले न्हाई का तुला?"