तेरखेड्याचं खोकं

विमानानं जाणारी सायकल नवरदेवापेक्षा जास्त मानपान मागते, हे बलभीमला महिनाभरात कळून चुकलं होतं. चाकं काढा, पायडल काढा, हँडल वळवा, टायरमधली हवा सोडा आणि वर तिचं वेगळं भाडं भरा. एवढं करून तिला घालायला पेटी हवीच. पुण्यातला सायकलवाला आठवड्याला तीन हजार रुपये भाड्यानं टणक पेटी देत होता.

"खोक्याला तीन हजार?" बलभीम फोनवरच म्हणाला. "आमच्याकडं काय खोक्यांचा दुष्काळ पडलाय व्हय?"

ते खोटं नव्हतं. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात दारू कालवण्यात आणि माल भरण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. आभाळात फुटणाऱ्या मोठ्या मालाची दोन रिकामी जाडजूड खोकी मालकाला विचारून त्यानं आणली आणि जोडून एक केलं. पुठ्ठ्यावरची फटाक्यांची चित्रं बघून विमानतळावर कुणी शंका काढायला नको म्हणून छापील बाजू आत वळवली. स्वतःच्या हुशारीवर तो जाम खूश होता. सायकल त्यानं स्वतः भरली, कुणाला हात लावू दिला नाही.

त्याची मुलगी हर्षाली गुवाहाटीला राष्ट्रीय सायकल स्पर्धेला निघाली होती. बाकीचा संघ तीन दिवस आधी रेल्वेनं गेला. हिचा बी.ए.चा शेवटचा पेपर कालच झाला आणि परवा सकाळी शर्यत. हे विमान हुकलं की वर्षाची मेहनत पाण्यात. शेजारच्या धुळाप्पाच्या जीपमधून तिघं पुण्याच्या विमानतळावर पोचले, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ढकलगाडीवर खोकं ठेवून हर्षाली आत गेली आणि बलभीम दाराबाहेर कठड्याला टेकून उभा राहिला.

पाऊण तासानं ती खोक्यासकट बाहेर आली. सोबत तपासणीच्या खात्यातली एक बाई होती.

"आबा, मशीन वाजलं," हर्षाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "खोक्यावरनं कापड फिरवून ते कापड मशीनमधी घालत्यात. स्फोटकं हायेत म्हणतंय."

"सामान कोणी भरलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"काम काय करता?"

ड्रायव्हर आहे म्हणावं, शेतकरी म्हणावं, असं क्षणभर बलभीमच्या मनात आलं. पण खोटं उघडं पडलं तर पोरगीच अडकायची. त्यानं खरं ते सांगितलं आणि कारखान्याचं ओळखपत्र पुढं केलं.

बाईंनी ते नीट वाचलं, फोनवर साहेबांशी बोलल्या आणि मग म्हणाल्या, "सगळं उघडून बघितलंय, आत काही नाही. फक्त स्फोटकाचा अंश लागलाय. खोकं टाकून द्या, सायकल धुऊन पुसून नव्यानं बांधा आणि परत तपासायला आणा. काउंटर पावणेअकराला बंद होतो. आणि काका, तुम्ही आता कशालाही हात लावायचा नाही. तुमचे हात लागले की मशीन पुन्हा वाजणार."

बलभीमनं हात पुढं करून पाहिले. नखांच्या कडांना चंदेरी पूड बसली होती. आंघोळीनं, राखेनं, रॉकेलनंही ती कधी गेली नव्हती. याच हातांनी हिची शाळेची फी भरली, ही सायकल घेतली, आणि आज हेच हात हिच्या आड आले. त्याला स्वतःचीच चीड आली. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली.

"धुळाप्पा, पळ," तो म्हणाला. "फर्निचरच्या दुकानातनं कपाटाचं कोरं खोकं आण. दोन नव्या चादरी, साबण, चिकटपट्टी."

"जीपमधी गोधडी हाय की."

"तिच्यावर मी बसून आलोय. पळ."

धुळाप्पा येईपर्यंत हर्षालीनं खोकं फोडून सायकल बाहेर काढली होती. तिनं हात धुतले आणि साबणाच्या फडक्यानं सांगाडा पुसायला घेतला. बलभीम सहा हात लांब उभा राहून सांगत होता. हात बांधलेले असले तरी तोंड मोकळं होतं.

"पायडलची भोकं पुसलीस का? आता चादर गुंडाळ. पुढच्या दांड्यांमधी लाकडाचा तुकडा अडकीव, न्हायतर दाबून वाकतील. चाक बाजूला, दातेरी चक्र आतल्या अंगाला. हलवून बघ. आवाज येतोय, तितं पुठ्ठा भर."

एकदा सांगाडा तिच्या हातून निसटला. बलभीम दोन पावलं धावला आणि तिथंच थांबला. धुळाप्पानं सायकल सावरली. फुटणारा माल बावीस वर्षं भरलेल्या माणसाला पोरीची एक सायकल धरता येत नव्हती, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. तरी तो पुढं सांगतच राहिला.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी शेवटची पट्टी बसली. हर्षाली उठली आणि पाया पडायला त्याच्याकडं वळली.

"तितंच थांब," बलभीम म्हणाला. "पायाला बी शिवू नको."

"आबा, डोस्क्यावर तरी हात ठेवा. डोस्कं कुणी तपासत न्हाय."

त्याचे हात पाठीमागं सुटू पाहत होते. त्यानं ते तसेच दाबून धरले.

"ह्या हातानं जेवढं करायचं तेवढं झालं गं," तो म्हणाला. "आता तुझ्या हातानं जा."

तिनं धुळाप्पाच्या मदतीनं खोकं ढकलगाडीवर चढवलं. मग गाडी ढकलत ती आत गेली आणि वळून पाहिलं नाही.

पावणेअकराला पाच मिनिटं असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. धुळाप्पानंच तो काढून त्याच्या कानाला लावला.

"आबा, सायकल गेली आत. मशीन वाजलं न्हाय."

"बरं झालं," बलभीम म्हणाला.

"आता सोडा की हात," धुळाप्पा म्हणाला.

"विमान उडू दे," बलभीम म्हणाला आणि तसाच उभा राहिला.