वाटीतला ढग

शिवणाच्या दुकानातल्या मशिनी भिंतीला सरकवल्या होत्या आणि कापड बेतायच्या टेबलाभोवती अख्खी गल्ली लोटली होती. टेबलावर कोमट पाण्याच्या वाट्या आणि पलीकडे तेलानं चपचपीत जटा सोडलेला मेघबाबा. पांढऱ्या भुकटीचा चमचा उंच धरून तो गरजला, "हा आकाशातला ढग! डोंगरमाथ्यावर पकडून मी स्वतः वाळवलाय!"

ढग वाळवलाय म्हणे! दोरीवर चिमटे लावून घातला असेल. एरवी मी खो खो हसले असते. पण त्या वाट्यांवर माझ्या धाकट्या बहिणीचा संसार टांगणीला लागला होता.

तिच्या नवऱ्याचं हे दुकान. क्षयानं त्याचा पार सापळा झाला होता. बाबाच्या भुकटीचं पाणी पिऊ लागला आणि अंगावर मांस चढलं, हे सगळ्यांनी पाहिलं. मग बाबानं पथ्य सांगितलं: डॉक्टर बंद, गोळ्या बंद आणि अंडं तर घरात दिसायला नको. बहीण गोळ्या लपवून देत राहिली. काल पकडली गेली, म्हणून आज हा दरबार. बाबाचा निवाडा असा: जिच्या वाटीत घुसळून फेसाचा ढग चढणार नाही, तिची नजर रोग्याला खातेय. तिनं लेकीला इथंच सोडून आजच घराबाहेर व्हायचं.

बहिणीच्या सासूबाईंनी भुकटी पाण्यात टाकून रवीनं घुसळली. फेस असा फुलला की रवी उचलल्यावर शेंडा उभा राहिला. टाळ्या पडल्या. थोरल्या जावेच्या वाटीतही चढला. मग बहिणीची पाळी आली. बाबानं डोळे मिटून जटांवरून हात फिरवला आणि तिच्या वाटीत आतून अंगठा घोळवला. "या घराचा श्वास शोधतोय," म्हणाला.

बहीण घुसळत राहिली. मनगट भरून आलं, कपाळावरून घाम ओघळला. चार बुडबुडे आले आणि फुटले.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "बॅग भर."

लेक आईच्या कमरेला घट्ट बिलगली. कुणीतरी तिचे हात सोडवायला लागलं आणि माझं डोकंच फिरलं. मी पुढे घुसून ती वाटी उचलली, नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. मी रुग्णालयात रोग्यांचा आहार ठरवते, हा वास माझ्या रोजच्या कामातला. पाण्यावर तेलाचा तवंगही दिसला. पण माझा अंदाज चुकला असता, तर बहिणीला कुणी वाली उरला नसता.

"थांबा!" मी वाटी आणि रवी साबणानं, कढत पाण्यानं धुऊन आणली. पाणी ओतून बाबाच्याच डब्यातली भुकटी घातली. "घुसळ गं."

फेस काठोकाठ चढला. गर्दी माझ्या बाजूला सरकली.

बाबा मात्र बेरका. "पाहिलंत? मनातून पस्तावली, तशी शुद्ध झाली!" गर्दी पुन्हा त्याच्याकडे झुकली. एकानं तर हातच जोडले.

"असं होय? मावशी, आता तुम्ही." मी सासूबाईंची वाटी धुतली, बाबाला काही कळायच्या आत त्याच्या जटेवर बोट फिरवलं आणि वाटीत आतून चोळलं. मग पाणी आणि भुकटी घातली. "घुसळा."

सासूबाई घुसळून घुसळून दमल्या. ढग काही आला नाही.

"मग मावशी, तुमची बॅग कुणी भरायची?"

त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मी थोरल्या जावेला तापलेला तवा आणायला लावला आणि डब्यातली भुकटी पाण्यात कालवून त्यावर ओतली. चर्रकन आवाज झाला, पांढरी पोळी जमली आणि वास दुकानभर पसरला.

"अगंबाई! हे तर अंडं!" थोरली जाऊ ओरडली.

"अंड्याचा पांढरा बलक, वाळवून केलेली भुकटी. केक करणारे वापरतात, अशक्त रोग्याला आम्हीही देतो. चांगलं पौष्टिक अन्न आहे, म्हणून तर भावोजींच्या अंगावर मांस चढलं. स्वच्छ वाटीत घुसळलं की फुगतं, तेल लागलं की बसतं. त्याला ना सासू कळते, ना सून!"

बाबानं डबा काखोटीला मारला, पण दार लोकांनी अडवून धरलं होतं.

सासूबाई स्टुलावर मटकन बसल्या. "म्हणजे गोळ्यांनी काहीच नाही झालं?"

"मावशी, ताकद अन्नानं येते. रोगाला मारतात त्या गोळ्याच. त्या मध्येच सोडल्या असत्या, तर तुमचा मुलगा हातचा गेला असता. तो जगला, कारण हिनं तुमच्या शिव्या खाऊन त्या दिल्या."

मग सासूबाई उठल्या, सुनेसमोर उभ्या राहिल्या. "आजची गोळी दिलीस का गं त्याला?"

"नाही आई. तुम्ही डबी फेकून दिलीत काल."

सासूबाईंनी पायात चपला अडकवल्या. "चल, दवाखान्यात जाऊ. मला काय विचारायचं ते कळत नाही, तू विचार."

वाचकहो, भुकटीवर माझा राग नाही, पोटभर खा. पण एखादी वाटी पुढे करून कुणी तुमच्या घरातल्या बाईला दोषी ठरवू लागला, तर टाळ्या वाजवू नका. वाटी धुऊन मागा आणि पुन्हा घुसळायला लावा.