साताचा आकडा मी दाखवलाच नव्हता

मित्रांनो, मला जुना म्हणा, चालेल. अकरा वर्षांचं यंत्र जुनंच असतं. पण मला खोटारडा म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. एकदा चारचौघांत तसं म्हणून झालं आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी एक पीएच मीटर आहे. एखादं पाणी आम्ल आहे की आम्लारी, आणि किती, हे सांगणं माझं काम. अंबाल्यात मी तयार झालो. पांढरा डबा, त्यावर आकड्यांची छोटी काच आणि वायरीला जोडलेली एक कांडी. कांडीच्या टोकाला काचेचा फुगा असतो, अगदी पातळ. तो पाण्यात बुडवला की आकडा उमटतो. लिंबाच्या रसात दोनच्या आसपास, शुद्ध पाण्यात सात, चुन्याच्या निवळीत बारा. साताच्या खाली आम्ल, वर आम्लारी. आकडा एकाने उतरला की आम्लाचा जोर दहापट वाढतो. दोनने उतरला की शंभरपट.

म्हैसूरला, हेब्बाळच्या औद्योगिक भागात, एका कारखान्याने मला विकत घेतलं. तिथे लोखंडी बोल्टांवर जस्ताचा मुलामा देतात. त्याआधी गंज काढायला बोल्ट आम्लात बुडवतात. ते धुतलेलं पाणी मागच्या बाजूच्या सिमेंटच्या खड्ड्यात जमा होतं. त्यात चुना टाकून ते साताच्या जवळ आणायचं आणि मगच बाहेर सोडायचं. ते साताजवळ आलं की नाही, हे मी सांगायचं.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. अनंतकृष्ण सर प्रयोगशाळा सांभाळत. रोज सकाळी ते माझी परीक्षा घेत. ज्यांचा आकडा आधीच ठाऊक आहे अशी तीन पाणी असत, चार, सात आणि दहा. ती मी बरोबर ओळखली की सर म्हणत, "शाब्बास रे!" मग कांडी धुऊन, मऊ कागदाने नुसती टिपून, पुन्हा तिच्या क्षाराच्या पाण्यात उभी करत.

त्यांच्या हाताखाली तुंगा आली. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. सर तिला सांगत, "आधी याला तपास. मग हा सांगेल तेच दारावरच्या फळ्यावर लिही. बेरे, दुसरं काही नको."

त्या फळ्याची खरी गरज एकाच माणसाला होती. फत्तेसिंगराव. हूटगळ्ळीहून बसने येणारे, पंचावन्न वर्षांचे. चुना ढवळणं आणि खड्ड्यात उतरून तळाचा गाळ काढणं त्यांच्याकडे होतं. फळ्यावर सहा ते आठच्या मधला आकडा असेल तरच ते उतरत. तुंगा त्यांना मामा म्हणे, ते तिला तुंगम्मा.

सर निवृत्त झाले. व्यवस्थापक म्हणून पुण्याहून उपेंद्र आले. बोलायला गोड माणूस. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे. पण माल वेळेवर निघण्यापुढे त्यांना काही दिसत नसे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी चुना संपला होता. त्यातच आम्लाच्या टाकीचा पाइप गळून बरंचसं आम्ल खड्ड्यात उतरलं होतं. तुंगाने खड्ड्यातलं पाणी आणून माझी कांडी बुडवली. मी दाखवलं, शून्य पूर्णांक नऊ. तिने कांडी धुऊन पुन्हा बुडवली. पुन्हा तेच.

ती उपेंद्रांना बोलावून घेऊन आली. "सर, पॉइंट नाइन आहे. मुलाम्याची लाइन बंद करायला हवी."

"लाइन बंद? आज माल गेलाच पाहिजे, तुंगा. चुना दुपारपर्यंत येतोय. फळ्यावर सात पॉइंट एक लिहून ठेव. काल सोमवारी होतं तेच."

"सर, मामा तो आकडा बघून उतरतात."

"त्यांचा गाळ काढायचा दिवस उद्या आहे ना? तोपर्यंत होतंय सगळं नीट. लिही."

तुंगाने फळ्यावर ७.१ लिहिलं, आत आली आणि माझं बटण बंद केलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी सगळा कारखाना गोळा केला असता! मी खरं सांगितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. आणि माझ्याच नावावर त्या दारावर खोटं लटकत होतं.

अकराच्या सुमाराला गाळ अडकून खड्ड्यातला पंप थांबला. फत्तेसिंगराव दाराशी आले, फळा वाचला आणि गमबूट चढवून खड्ड्यात उतरले. एका गमबुटाला घोट्याजवळ चीर होती. अर्धा तास ते गुडघाभर पाण्यात होते. पाय चुरचुरला, तेव्हा त्यांना वाटलं, रबर घासतंय. फळ्यावर लिहिलेल्या ७.१ च्या पाण्यापेक्षा ते पाणी पंधरा लाख पटींहून जहाल होतं.

मग त्यांची किंकाळी आली.

चौघांनी त्यांना वर काढलं. मोज्याबरोबर घोट्याची कातडीही सोलून निघाली. कुणीतरी सोड्याची पिशवी घेऊन धावलं. "सोडा नको!" तुंगा ओरडली. "आम्लात सोडा पडला की आणखी भाजेल. पाणी ओता, नुसतं पाणी! थांबू नका!" गाडी येईपर्यंत ती त्यांच्या पायावर नळी धरून बसली होती. ते तिने बरोबर केलं, हे मी रागातसुद्धा कबूल करतो.

संध्याकाळी उपेंद्रांनी सगळ्यांना गोळा करून मला वर उचललं. "याच्यामुळे झालं हे. अकरा वर्षांचा डबा! चुकीचा आकडा दाखवतो." तुंगा खाली मान घालून उभी होती. मला पोत्यात गुंडाळून स्टोअरमध्ये टाकलं. कांडीचा फुगा कोरडा पडू लागला. फुगा कोरडा पडला की मी भरकटतो. म्हणजे मला खोटा म्हणून ते खरोखरच मला खोटा करायला निघाले होते! तुंगाचा तर मला उपेंद्रांपेक्षा जास्त राग येत होता. तिला सगळं माहीत होतं.

आठ दिवसांनी चौकशी करायला सरकारी कारखाना निरीक्षक येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी तुंगाने मला पोत्यातून काढलं. कांडी क्षाराच्या पाण्यात ठेवली.

निरीक्षक आले. उपेंद्र म्हणाले, "साहेब, हाच तो मीटर."

तुंगाने माझ्यापुढे तीन बाटल्या मांडल्या. त्यांच्यावरचे आकडे निरीक्षकांना वाचायला लावले आणि कांडी एकेकीत बुडवली. मी जीव ओतून मोजलं. चार. सात. दहा.

"मीटर बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. "त्या दिवशी यानं पॉइंट नाइन दाखवलं होतं. सात मी लिहिलं. या सरांनी सांगितलं, पण लिहिलं मी."

"तुंगा, नोकरी जाईल तुझी," उपेंद्र हळूच म्हणाले.

"जाऊ दे, सर."

नोकरी उपेंद्रांची गेली. तुंगाला दोन महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. चुना नसेल तर लाइन बंद, असा नियम झाला.

चार महिन्यांनी फत्तेसिंगराव लंगडत प्रयोगशाळेत आले. मांडीची कातडी काढून पायाला लावली होती. तुंगा उठून उभी राहिली. "मामा, मला माफ करा."

"अय्यो तुंगम्मा," ते स्टुलावर बसत म्हणाले, "चुना संपलेला मला ठाऊक होता. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी आधी लोखंडी खिळा टाकून फेस येतो का बघितलं असतं. तू लिहिलेलं, म्हणून तसाच उतरलो."

ती रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग चष्मा लावून म्हणाले, "आता तो फळा राहू दे. यंत्राचं तोंड माझ्याकडे फिरव. यापुढे खड्ड्यात जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच दाखवणार."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ असेल. त्याचा फुगा कोरडा पडू देऊ नका. कांडी घासू नका, टिपा. आणि आकडा पटला नाही तर दहा वेळा मोजा, शिक्षकांना बोलवा, भांडा. पण जो आला तोच लिहा. तुम्ही लिहिलेलं खरं मानून कुणीतरी पाय पुढे टाकणार असतं.

फत्तेसिंगराव आता रोज चपला घालूनच कामावर येतात. डाव्या पायाला बूट सोसत नाही.