आज मोजायचा की नाही?

सूर्य, चंद्र आणि शाळेची सुट्टी माझ्या परवानगीशिवाय पुढे सरकत नाहीत. मित्रांनो, मी एक जुनी दिनदर्शिका आहे. सध्या दारामागे भिंतीचा पोपडा झाकायच्या कामावर आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका औषधाच्या दुकानाने मला फुकट वाटलं आणि मी एका घड्याळजीच्या घरी लागले. माझी बारा पानं फडफडत होती तेव्हा माझा काय थाट होता! गॅसच्या टाकीपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे मला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत.

घड्याळजी सेकंदाला पक्के, पण दिवसाला कच्चे. त्यांची लेक बिट्टी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधत होती. अठरा तारखेला शाळा उघडणार आणि त्याच सकाळी पूल द्यायचा. उशीर झाला तर शाळेच्या प्रदर्शनातली तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. नऊ तारखेला शाळेला सुट्टी लागली. संध्याकाळी घड्याळजींनी माझ्यावर नऊपासून अठरापर्यंत बोट फिरवलं आणि दहा दिवस आहेत, निवांत झोपा, असा निकाल दिला.

कोपऱ्यात त्यांची थोरली बहीण, बिट्टीची आत्या, रक्तदाबाची गोळी घेत होती.

"अरे, ही गोळी मी आत्ता गिळली. ती पाकिटात उरली का?"

"नाही."

"मग सरलेला आजचा दिवस कसा मोजलास? आणि अठराला पूल द्यायचाय की बांधायचाय?"

दहाचे आठ झाले. आत्या शेवटाकडून उलटी मोजत निघाली. डिंक वाळायला सोळा आणि सतरा. त्याआधी बांधणी. रविवारी दुकान बंद, म्हणून डिंक शनिवारीच आणायचा. माझ्या चौकटींत तिने पेन्सिलीने सगळं लिहिलं. घड्याळजी मान खाली घालून चष्मा पुसत राहिले.

तेवढ्यात बिट्टीच्या आईने शांतपणे विचारलं, "पण पूल आहे कुठे?"

बिट्टीचा चेहरा उतरला. "प्रयोगशाळेत."

सगळ्यांनी दिवस मोजले होते. पूल कोणीच मोजला नव्हता. शाळेला कुलूप लागलं होतं आणि शिपाईकाका किल्ल्यांसकट आपल्या बहिणीच्या गावी गेले होते. बिट्टी रडली. मग नाक पुसून तिने नव्या काड्या मागितल्या. घड्याळजींनी दुकानातला बारीक चिमटा आणला आणि लेकीच्या हाताखाली काम केलं. सतराला त्यांना पुलाला कठडा लावायची हुक्की आली, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "आज वाळायचा दिवस आहे. हात खिशात."

अठराला पूल वेळेवर पोचला. थोडा वाकडा होता, पण ठेवलेली सगळी वजनं त्याने पेलली. प्रयोगशाळेतल्या अर्ध्या पुलावर शिपाईकाका आता डबा ठेवतात.

वर्ष संपलं, माझ्या नाकासमोर माझ्या खिळ्यावर नवी दिनदर्शिका आली आणि मला दारामागचा खिळा मिळाला. तक्रार नाही. ती पेन्सिलीची अक्षरं अजून माझ्याकडेच आहेत.

मित्रांनो, दिवस मोजताना सरलेला आज धरू नका, द्यायचा दिवस धरू नका आणि सुट्टीत काय कुलपात अडकेल ते आधी घरी आणा. एवढं जमलं नाही तरी हरकत नाही. फक्त माझ्या या दारामागच्या खिळ्यावर कोणीतरी भाजीची ओली पिशवी अडकवली आहे, ती तेवढी काढा.