कोलबीची सही

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या त्या बारमध्ये दुपारपासून एकच वाद पेटला होता: कोलबी ड्रेशर करारावर सही कोणत्या संघाकडे करणार? पोराचं कॉलेज संपलं होतं आणि कोणत्याच आइस हॉकी संघाचा त्याच्यावर हक्क नव्हता. शिवाय तो इथलाच, बारमागच्या गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग शिकलेला.

"घरचं पोर आहे, घरीच येणार," वॉल्ट विस्नेव्स्की म्हणाला.

"येऊन काय करणार? आपल्यासोबत हरणार?" शेजारी बसलेला गस हसला. "तिकडे बोस्टनवाले हात जोडून उभे आहेत."

वॉल्टचा जीव कासावीस झाला. बायको गेल्यापासून हिवाळा काढायला त्याला हा संघच होता, आणि संघ तर वर्षानुवर्षं तळाला. शेवटी तो कोपऱ्यात गप्प बसलेल्या लेनर्डकडे, कोलबीच्या आजोबांकडे गेला.

"लेन, पाया पडतो तुझ्या. पोरगा तुझ्या शब्दाबाहेर नाही. एक फोन कर."

"त्याचाच आला होता सकाळी. मी सांगितलं, बोस्टनला जा."

वॉल्ट उसळला.

"जन्मभर आमच्या शेजारी बसून मॅच बघितलीस, आणि तूच घात केलास?"

"म्हणूनच सांगितलं. प्रत्येक वेळी हरल्यावर तुमची तोंडं बघत आलोय, वॉल्ट. तसं तोंड नातवाचं बघायची ताकद नाही माझ्यात."

वॉल्टच्या ओठांवर शिवी आली होती. पण आपणही आपल्या नातवाला हेच सांगितलं असतं, हे त्याला कळून चुकलं आणि तो आणखीच खचला. तो लेनर्डशेजारी मटकन बसला.

"निदान आपल्यावर गोल तरी कमी मार म्हणावं त्याला," तो पुटपुटला.